लाल टोपीवाल्याचे पाय कुठे असतात?

मे महिन्यात अमळनेर तालुक्यात बहिणीच्या सासरी गेलो होतो. ऊन असं की दुपारी बारानंतर कुत्रंसुद्धा ओट्याखालची सावली सोडत नाही. अशा वेळी पोरांना एकच ठिकाण ठाऊक असतं, ते म्हणजे विहीर. माझा भाचा अकरा वर्षांचा. विहिरीतून वर आला, अंग न पुसताच दाजींचा मोबाइल घेऊन बसला आणि कुठला तरी व्हिडिओ बघता बघता मला म्हणाला, "मामा, हाऊ लाल टोपीवाला, त्याना पाय खाले टेकेल शेतस ना?"

व्हिडिओ वॉटरपोलोचा होता. लाल टोपीवाला म्हणजे गोलकीपर. तो दोन्ही हात फैलावून जवळजवळ कमरेपर्यंत पाण्याबाहेर उसळला होता. पायाखाली काही नसताना माणूस एवढा वर येईल कसा, ही पोराची शंका रास्तच होती. "टेकलेले नाहीत" म्हटलं तर त्याचा विश्वास बसेना. दाजी आणि त्यांचे वडील आप्पा, दोघंही त्याच्याच बाजूने. त्या ओट्यावर दोन दिवस जी उलटतपासणी झाली, तीच इथे सलग मांडतो आहे.

आधी खेळ समजून घेऊ

पाण्यातला हँडबॉल म्हटलं की वॉटरपोलो निम्मा कळतो. एका बाजूला सात जण, त्यातला एक गोलकीपर. आठ-आठ मिनिटांचे चार डाव. चेंडू थांबला की घड्याळही थांबतं, त्यामुळे बत्तीस मिनिटांचा सामना तास-सव्वा तास चालतो. चेंडू हातात आल्यापासून अर्ध्या मिनिटाच्या आत गोलवर मारावाच लागतो, नाहीतर तो दुसऱ्या संघाला जातो. मोठी चूक करणाऱ्याला वीसेक सेकंद बाहेर बसवतात. तेवढा वेळ समोर सहा हल्लेखोर आणि अडवायला पाचच जण. सहा बिळं आणि पाच मांजरं असा हिशेब.

गोलचा सांगाडा तीन मीटर रुंद आणि पाण्यापासून ९० सेंटिमीटर उंच. दीड खाट आडवी उभी केली तर होईल एवढा. फुटबॉलच्या गोलपुढे हा फारच लहान वाटतो. पण फुटबॉलच्या गोलकीपरला पायाखाली जमीन असते.

इतर खेळाडूंना चेंडू एकाच हाताने धरावा लागतो. गोलकीपरला आपल्या गोलसमोरच्या ठरावीक पट्ट्यात दोन्ही हात वापरता येतात आणि मुठीनेही चेंडू ठोसता येतो. गंमत अशी की त्या पट्ट्यात तळाला पाय टेकवायची मुभाही नियमाने फक्त त्यालाच आहे. म्हणजे भाच्याचं म्हणणं नियमाला धरून होतं! पण मोठ्या स्पर्धांच्या तलावात पाणी दोन मीटर खोल असतं. तळाला उभं राहिलं तर बहुतेकांची टोपीसुद्धा पाण्याखाली जाईल. ही मुभा उथळ तलावांच्या जमान्यातली असावी असं मला वाटतं. आजच्या गोलकीपरला तिचा काडीचा उपयोग नाही.

चरकाचे दोन लाट

मग तो वर येतो कसा? विहिरीत पोहणाऱ्या प्रत्येकाला पाणी तुडवणं ठाऊक असतं. एका जागी उभं राहून सायकल मारल्यासारखे पाय हलवायचे. त्याने डोकं पाण्यावर राहतं, पण हात मोकळे सोडले की माणूस गटांगळी खातो. गोलकीपरला तर हातांनी चेंडू अडवायचा असतो, म्हणून सगळं ओझं पायांवर.

त्यासाठी जी पायांची चाल वापरतात तिला 'एगबीटर' म्हणतात. उसाच्या रसाच्या गाडीवरचा चरक डोळ्यांसमोर आणा. त्याचे दोन लाट एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात. गोलकीपर पाण्यात जणू अदृश्य खुर्चीवर बसतो, गुडघे फाकवतो आणि गुडघ्याखालचे दोन्ही पाय तसेच उलटसुलट गोल फिरवत राहतो. एक पाय खाली रेटून वळण पुरं करत असतो तेव्हा दुसरा रेटायला लागलेला असतो. त्यामुळे खालचा जोर कधी तुटत नाही आणि शरीर वरखाली हिंदकळत नाही. उलट दिशा का? दोन्ही पाय एकाच बाजूला फिरले तर अंगही त्या बाजूला गरगरू लागेल. उलटे फिरणारे पाय एकमेकांची ओढ मारून टाकतात.

ही झाली थांबण्याची चाल. उसळी घ्यायची तेव्हा दोन्ही पाय एकदम, कात्री मिटावी तसे जवळ ओढतात आणि हातांनी पाणी खाली दाबतात. व्हिडिओत दिसली ती हीच उसळी. सरावात गोलकीपर पाण्याने भरलेला जार दोन्ही हातांनी डोक्यावर धरून हे पाय फिरवत राहतात. डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या बायकांची मान जशी सरावाने तयार होते, तसे यांचे खुबे आणि मांड्या तयार होतात. बघणाऱ्याला हात दिसतात, पण गोलकीपरचं करिअर पायांवर उभं असतं. हे वाक्य ऐकून दाजी हसले. म्हणाले, "पाण्यात उभं म्हणा." कबूल.

पाव सेकंदात काय काय होतं

आता थोडं गणित. पुरुषांच्या खेळातला जोरदार फटका ताशी ७० किलोमीटरच्या आसपास असतो. पेनल्टी पाच मीटरवरून मारतात. ताशी ७० म्हणजे सेकंदाला साडेएकोणीस मीटर, म्हणजे चेंडू सुमारे पाव सेकंदात गोलमध्ये. डोळ्यांनी बघून हात हलायला सुरुवात होईपर्यंतच माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. उरलं काय? डोळ्याची पापणीही पुरती लवणार नाही एवढा वेळ.

म्हणजे चेंडू बघून तो अडवणं जवळजवळ अशक्य. गोलकीपर चेंडूच्या आधी माणूस वाचतो. खांदा किती मागे गेला, कोपर कुठे वळलं, मारणारा पाण्यातून वर येतोय की खाली बसतोय. आप्पांना हे लगेच पटलं. ते म्हणाले, म्हैस लाथ मारणार हे धार काढणाऱ्याला पाय हलायच्या आधीच कळतं, मांडीची कातडी थरथरते. नेमकं तेच. आणि ते पुस्तकात वाचून येत नाही, हजारो लाथा चुकवून येतं. गोलकीपर वयाच्या तिशीत सर्वांत चांगला का खेळतो, त्याचं उत्तरही इथेच आहे. अंगातली चपळाई थोडी उतरलेली असते, पण थरथर ओळखणारी नजर पिकलेली असते.

दुसरी गोष्ट कोनाची. देवळाच्या दारासमोर उभं राहिलं की मूर्ती पूर्ण दिसते. बाजूला सरकलं की चौकट आड येऊन अर्धीच दिसते. चेंडू मारणारा जितका कडेला, तितका गोल त्याच्यासाठी अरुंद. गोलकीपर सतत इंच-इंच सरकत तो आणखी अरुंद करत असतो. शिवाय संघात वाटणी ठरलेली असते. बचाव करणारा हात उंचावून गोलची एक बाजू झाकतो, दुसरी बाजू गोलकीपरची. बचाववाला आपली बाजू सोडून भलतीकडे गेला की गोल होतो आणि बघणारे शिव्या मात्र लाल टोपीला घालतात.

आणि फसवे फटके वेगळेच. नदीवर चपटे दगड मारून आपण भाकऱ्या काढतो ना, तसा एक फटका पाण्यावर आपटून उसळत येतो. उसळून तो कुठे जाईल, ते मारणाऱ्यालाही पुरतं ठाऊक नसतं. दुसरा अगदी संथ, डोक्यावरून कमान काढत मागे उतरणारा. जोराच्या फटक्यासाठी आधीच उसळी घेऊन बसलेल्या गोलकीपरला तो खाली येताना नुसता बघावा लागतो.

एवढ्यात तो ओरडतही असतो. सगळे खेळाडू एकमेकांना लोंबकळलेले असतात, पूर्ण चित्र फक्त त्यालाच दिसतं. केळीचा ट्रक भरताना एक जण खाली उभा राहून "डावीकडे, अजून वर, बस!" करत असतो, ते काम. चेंडू हाती आला की लांब फेकून हल्ला सुरू करणाराही तोच. २०१९ च्या नियमबदलानंतर तर त्याला अर्धा तलाव ओलांडून पुढे जायचीही परवानगी आहे.

हे करिअर घडतं कसं

पहिली पायरी बहुतेकांची सारखीच असते. आठ-दहा वर्षांचं वय, साधं पोहणं. अमेरिकेची अ‍ॅशली जॉन्सन बघा. घराच्या मागेच पोहण्याचा हौद, आणि घरात पाच पोरं. ती बुडू नयेत म्हणून आईने पोहायला घातलं. विहिरीच्या भीतीने आपल्याकडे बाप पोराच्या पाठीला डबा बांधून त्याला पाण्यात सोडतो, त्यापेक्षा हे फारसं वेगळं नाही. ती पुढे २०१६ मध्ये रिओला आणि २०२१ मध्ये टोकियोला सुवर्णपदक जिंकलेल्या संघाची गोलकीपर होती. अमेरिकेच्या ऑलिंपिक वॉटरपोलो संघात निवडली गेलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री तीच.

बारा-चौदाव्या वर्षी कुणीतरी मुलाला गोलमध्ये ढकलतं. लांब हात आहेत किंवा पोहण्याचा वेग कमी आहे, कारण काहीही चालतं. मग वयोगटांच्या स्पर्धा, विशीच्या आसपास मोठ्या संघाचं दार, आणि दारातच वाट बघणं. कारण संघात साधारण तेरा जण असले तरी गोलकीपर दोनच, एक नंबर आणि तेरा नंबर, आणि पाण्यात एका वेळी एकच. हल्ला करणारे आलटून-पालटून आत-बाहेर होतात. तेरा नंबरची लाल टोपी मात्र काठावर सामनेच्या सामने कोरडी राहू शकते. या जागेचं करिअर म्हणजे बरंचसं दुसऱ्याच्या निवृत्तीची वाट बघणं, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

एकदा जागा मिळाली की मात्र ती टिकते. इटलीचा स्तेफानो तेम्पेस्ती २००० ते २०१६ अशी पाच ऑलिंपिक खेळला, शेवटच्या वेळी कांस्यपदक घेतलं तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता, आणि चाळिशी उलटल्यावरही क्लबसाठी पाण्यात उतरत राहिला. हंगेरीच्या झोल्तान सेचीकडे २०००, २००४ आणि २००८ अशी ओळीने तीन सुवर्णपदकं आहेत.

उंचीबद्दल दाजींनी विचारलंच. तेम्पेस्ती दोन मीटर पाच सेंटिमीटर. उंचीचा, त्याहूनही हातांच्या पल्ल्याचा फायदा आहेच, तो नाकारून पोराची खोटी समजूत काढण्यात अर्थ नाही. पण अकराव्या वर्षी कुणाची उंची कुठे थांबेल, हे कुणी सांगावं?

"आपल्याकडे समुद्र कुठे आहे?"

हा आप्पांचा मुद्दा. याचं उत्तर हंगेरी. पुरुषांच्या वॉटरपोलोत तिने नऊ ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकली आहेत, इतकी कुणाकडेच नाहीत. आणि हंगेरीला समुद्र नाही! खानदेशासारखाच आतला मुलूख. तिथे आहेत गरम पाण्याचे झरे, आणि त्यांच्या भोवती वाढलेली आंघोळीची आणि पोहण्याची जुनी सवय. चोपड्याजवळच्या उनपदेवला आपण जातो, गोमुखातून पडणाऱ्या ऊन पाण्याखाली बसतो आणि घरी येतो. त्यांनी तलाव बांधले. १८९६ च्या पहिल्या ऑलिंपिकमध्ये पोहण्यात जिंकलेला आल्फ्रेड हायोश पुढे वास्तुविशारद झाला आणि त्यानेच आराखडा केलेला बुडापेस्टमधला तलाव १९३० पासून आजही वापरात आहे.

तेव्हा अडतंय ते समुद्रापाशी नाही, तलावापाशी. आपल्याकडच्या बहुतेक तलावांचं एक टोक उथळ असतं, तिथे गोल लावला तर गोलकीपर आरामात उभा राहील आणि पाय कधीच तयार होणार नाहीत. त्यात उन्हाळ्यात पाणीटंचाई आली की पहिलं कुलूप तलावाला लागतं. माझ्या स्वतःच्या शाळकरी वयातल्या दोन सुट्ट्या अशाच एका कुलपाबाहेर गेल्या, नाव कशाला घेऊ. विहीर खोल असते, पाय उत्तम तयार करते, पण तिच्यात चौदा जण मावत नाहीत. आणि एकट्या पोराने तिथे सराव करू नये, सोबत पोहणारा मोठा माणूस हवाच, हे आप्पांनी सांगितलं ते शंभर टक्के खरं.

"पण भारत कधी खेळलाय का हा खेळ?"

खेळलाय, आणि बरा खेळलाय. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताने चिलीला ७-४ असं हरवलं होतं. १९५२ ला हेलसिंकीलाही संघ गेला. १९५१ च्या दिल्लीतल्या पहिल्या आशियाई खेळांत सुवर्ण, १९७० ला रौप्य, १९८२ ला कांस्य. पुढे जग तलावांत आणि क्लबांत पैसा ओतत गेलं आणि आपण काठावर राहिलो. २०२५ मध्ये अहमदाबादला आशियाई जलक्रीडा अजिंक्यपद स्पर्धा झाली, तिच्यात वॉटरपोलोही होता. नंदुरबारहून सुरतमार्गे रेल्वेने एका दिवसात पोहोचावं एवढ्या अंतरावर.

"ह्या खेळवर पोट भरस का?"

दाजींचा खरा प्रश्न हा होता. कापूस आणि केळीचे भाव बघून बघून हा प्रश्न त्यांच्या जिभेवर कायम असतो. प्रामाणिक उत्तर असं, की फार थोड्यांचं भरतं. इटली, हंगेरी, सर्बिया, क्रोएशिया, ग्रीस, स्पेन इथे पगारी क्लब आहेत. इटलीतलं रेक्को हे समुद्रकाठचं गाव दहाएक हजार वस्तीचं, आपल्याकडे बाजाराचं मोठं गाव म्हणतो तेवढं. त्याचा क्लब युरोपचं अजिंक्यपद पुन्हा पुन्हा घेतो. पण अमेरिकेच्या महिला संघाची कर्णधार मॅगी स्टेफन्सने २०२४ मध्ये जाहीरपणे सांगितलं, की तिच्या बहुतेक सहकाऱ्यांना दुसरी, कधी तिसरी नोकरी करावी लागते. ऑलिंपिकमध्ये ओळीने तीन सुवर्णपदकं जिंकलेला संघ हा! ते वाचून फ्लेवर फ्लेव्ह नावाचा रॅप गायक पुढे आला आणि संघाचा प्रायोजक झाला. तीन सुवर्णपदकांनी न हललेली थैली एका पोस्टने हलली.

भारतात वाट नोकरीतून जाते. शालेय स्पर्धा (जलतरणाच्या जोडीने वॉटरपोलो असतोच), राज्याचा संघ, राष्ट्रीय स्पर्धा, आणि मग सेनादल, रेल्वे किंवा पोलिसांच्या संघातून नोकरी. रेल्वेची नोकरी म्हणजे काय, हे भुसावळच्या मुलखात समजावून सांगायला नको. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, त्याच्या अटी मात्र आधी वाचून घ्याव्यात. वॉटरपोलोवर घर चालवायचा बेत करू नये. वॉटरपोलोमुळे घर चालवणारी नोकरी लागू शकते, इतकंच.

"डोक्याला लागतं म्हणे?"

लागतं. टोपीला कानांवर प्लास्टिकच्या वाट्या असतात, त्या कानाचा पडदा वाचवतात, डोकं नाही. चेंडू चारशे ते साडेचारशे ग्रॅमचा असतो, आणि तो वर सांगितलेल्या वेगाने तोंडावर येतो तेव्हा पाणी काही गादीचं काम करत नाही. अमेरिकेत खेळाडूंनाच विचारून केलेल्या पाहणीत डोक्याला मार बसल्याचं सर्वाधिक गोलकीपरांनी सांगितलं. सामन्यापेक्षा सरावात धोका जास्त, कारण सरावात एकामागून एक अनेक जण त्याच्यावर चेंडू मारत असतात. मार बसल्यावर गरगरत असेल तर त्या दिवशी पाण्याबाहेर, हा नियम पालकांनीच पाळायला लावावा. त्याशिवाय एगबीटरमुळे गुडघ्याच्या आतल्या बाजूचा आणि जांघेचा त्रास, उसळ्यांमुळे खांदा. डोळे क्लोरीनने लाल होतात ते वेगळंच.

टोपी उतरल्यावर

ही गोष्ट ओट्यावर सांगितली नाही, पोरगं समोर होतं. स्पेनचा हेसूस रोयान १९८८ पासून २००४ पर्यंत पाच ऑलिंपिक खेळला. १९९२ ला बार्सेलोनात, घरच्या तलावात, अंतिम सामना जादा वेळेवर जादा वेळ वाढत जाऊन एका गोलने गेला. १९९६ ला अटलांटात सुवर्ण. जगातल्या सर्वोत्तम गोलकीपरांत त्याचं नाव घेतात. २००४ नंतर त्याने खेळ सोडला आणि २००६ मध्ये, नैराश्यावर उपचार चालू असताना, वयाच्या सदतिसाव्या वर्षी तो गेला.

एका माणसाच्या मरणाचं कारण खेळात शोधू नये, आणि मी ते शोधत नाही. पण विशी-तिशीतली सगळी वर्षं दिवसातले पाच-सहा तास पाण्यात काढलेल्या माणसाला चाळिशीच्या अलीकडे एक दिवस काठावर यावं लागतं, हे प्रत्येकाच्या बाबतीत खरं आहे. शिक्षण मध्येच सोडू नये, असं या खेळातले जाणते मुलांना का सांगत असतात, ते यावरून कळावं. अ‍ॅशली जॉन्सन प्रिन्स्टन विद्यापीठाची पदवीधर आहे.

२०३६ आणि एक विहीर

भारताने २०३६ च्या ऑलिंपिकचं यजमानपद मागितलं आहे. मिळेल की नाही, ते पुढचं पुढे. पण वॉटरपोलोत यजमान देशाला पात्रता फेरी न खेळता जागा देण्याची रीत आहे. ब्राझील, जपान आणि फ्रान्सच्या पुरुष संघांना अशीच मिळाली. उद्या ते इथे आलं तर भारताला दोन गोलकीपर लागतील, पुरुषांचे, आणि दोन बायकांचे. आज दहा-अकरा वर्षांची असलेली पोरं तेव्हा विशी ओलांडत असतील. ती सध्या कुठे आहेत, पोहायला शिकली आहेत का, कोण जाणे.

निघायच्या दिवशी सकाळी विहिरीवर गेलो. दाजी पायरीवर बसले होते, पोरगं पाण्यात. मी म्हटलं, दोन्ही हात वर कर आणि नुसत्या पायांनी थांब. तो आधी सायकल मारू लागला आणि नाकापर्यंत बुडाला. मग रसाच्या गाडीची आठवण दिली. दोन-तीनदा पाणी प्यायल्यावर पाय कसेबसे उलटसुलट फिरू लागले, हनुवटी वर आली. मी मोबाइलवर सेकंद मोजत होतो. एकवीस झाले आणि हात खाली आले.

वर येऊन त्याने पहिलं विचारलं, तो लाल टोपीवाला किती वेळ थांबतो. मी म्हटलं, आठ-आठ मिनिटांचे चार डाव. त्याने मोबाइलच्या पडद्याकडे पाहिलं, दाजींकडे पाहिलं आणि पुन्हा पाण्यात मुटका मारला.